गोदीच्या फाटकावरचा पुढारी

इंग्लंडमधल्या मजूर पक्षाच्या पहिल्या पिढीतली दोन-तीन नावं मराठी वाचकाच्या कानावरून गेलेली असतात. केर हार्डी १९०७ साली हिंदुस्थानात आला होता, पुण्याला जाऊन टिळकांना भेटला होता. रॅम्से मॅकडोनल्ड हे नाव तर १९३२चा जातीय निवाडा आणि पाठोपाठचा पुणे करार यांमुळे आपल्या इतिहासात कायमचं बसलं आहे. विल क्रुक्स हे नाव मात्र आपल्याकडे कुणी घेत नाही. तो पंतप्रधान झाला नाही, मंत्री झाला नाही, त्याने कुठला सिद्धांत मांडला नाही. लाकडी पिंपं बांधणारा हा कारागीर. लंडनच्या गोदीलगतच्या पॉप्लर नावाच्या वस्तीत जन्मला, तिथेच संसार केला, तिथल्याच लोकांनी त्याला निवडून दिलं आणि १९२१ साली तो पूर्व लंडनच्याच मातीत गेला.

त्याचं आयुष्य मराठीत यायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. कामगार पुढारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गेटसभा येते, संपाची हाक येते, लाल बावटा येतो. हे चित्र खरं आहे आणि क्रुक्सच्या आयुष्यातही ते आहे. पण संप मिटतो, भोंगा पुन्हा वाजू लागतो. त्यानंतर त्याच वस्तीतला दवाखाना, शाळा, रस्ता, म्हाताऱ्यांच्या ताटातलं अन्न हे सगळं कोण बघणार? तिथे कामगारांमधलाच माणूस बसला तर काय फरक पडतो? आणि त्याला तिथे बसवायला, बसल्यावर टिकवायला वस्तीला काय मोजावं लागतं? क्रुक्स या प्रश्नांची उत्तरं तीस वर्षं रोजच्या कामातून देत राहिला, म्हणून तो मला मोठा वाटतो.

पॉप्लर डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. थेम्स नदी पूर्व लंडनमध्ये एक मोठा वळसा घेते. त्या वळशात आणि आसपास एकोणिसाव्या शतकात गोद्या खोदल्या गेल्या. वेस्ट इंडिया गोदी १८०२ची, ईस्ट इंडिया गोदी १८०६ची, मिलवॉल गोदी १८६८ची. ईस्ट इंडिया गोदी तर नावाप्रमाणे कंपनी सरकारच्या जहाजांसाठीच बांधलेली. आपल्या मुलखातून गेलेला माल तिथे उतरायचा आणि त्या मालाबरोबर आपली माणसंही उतरायची. आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ साली एक निवासगृह उघडलं होतं. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी पुष्कळ असत. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरची बोली त्या रस्त्यांवर कधीतरी ऐकू आली असणारच.

गोदीत कायमची नोकरी थोड्यांनाच. बाकी सगळी रोजंदारी. पहाटे फाटकाशी माणसांची झुंबड उडायची आणि मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील तो आत जायचा. कधी दिवसभराचं काम, कधी दोनच तासांचं. बोट लागली नाही तर तेही नाही. मुंबई-ठाण्याच्या नाक्यांवर सकाळी डबा हातात घेऊन उभी राहणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

क्रुक्सचा जन्म ६ एप्रिल १८५२चा. सात भावंडांतला तिसरा. वडील आगबोटीवर भट्टीत कोळसा घालायचे. विल लहान असतानाच एकदा ते यंत्राला तेल घालत होते. कुणीतरी यंत्र चालू केलं आणि त्यांचा हात गेला. कामावर जायबंदी झालेल्या मजुराला नीट भरपाई देणारा कायदा इंग्लंडात यायला १८९७ साल उजाडावं लागलं, म्हणजे या घराला त्याचा काही उपयोग नव्हता. सगळा भार आईवर आला. खलाशांचे मेणकापडी कोट ती रात्र-रात्र जागून शिवायची. एका रात्री विलला जाग आली तेव्हा आई रडत होती. ती का रडते असं पोराने विचारलं, तर उद्याचं जेवण कुठून आणायचं या काळजीने, असं त्याला उत्तर मिळालं. पुढे आयुष्यभर क्रुक्स ज्या समित्यांवर बसला, तिथे हा मुलगा त्याच्याबरोबर बसलेला असायचा असं मला सारखं वाटत राहतं.

इथे थोडं थांबून इंग्लंडचा तेव्हाचा गरिबांचा कायदा समजून घेतला पाहिजे, कारण या चरित्राचा कणाच तो आहे. दर भागात निवडलेल्या लोकांचं एक मंडळ असे, ‘बोर्ड ऑफ गार्डियन्स’. त्या भागातल्या घरांवर पट्टी बसवायची आणि त्या पैशातून निराधारांना पोसायचं हे त्याचं काम. मदत दोन तऱ्हेची. घरी बसून मिळणारे थोडे शिलिंग आणि पाव, ही एक. दुसरी म्हणजे वर्कहाउस. वर्कहाउसला मराठीत गरीबखाना म्हणता येईल, पण त्या शब्दात जी दया आहे ती तिथे औषधालाही नव्हती. १८३४च्या कायद्यामागचा विचारच असा की आतलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही वाईट असलं पाहिजे, म्हणजे फुकटचं खायला कुणी येणार नाही. आत गेलं की नवरा-बायको वेगळे, आई-मुलं वेगळी, अंगावर ठरलेले कपडे. आणि अशी मदत घेणाऱ्या पुरुषाचा मताचा हक्क जायचा. ही अट १९१८पर्यंत चालली. म्हणजे ज्याला त्या मंडळाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच त्या कारभाराबद्दल बोलायचा अधिकार नाही.

क्रुक्सच्या आईला आधी घरपोच मदत मिळत होती. मग मंडळापुढे बोलावणं आलं, मदत बंद झाली आणि १८६१ साली विल, त्याचे वडील आणि भावंडं पॉप्लरच्या वर्कहाउसमध्ये गेली. वडील एकीकडे, मुलं दुसरीकडे. पुढे मुलांना सटन इथल्या निराधार मुलांच्या शाळेत पाठवलं, तिथे लहान भावालाही त्याच्यापासून तोडलं. आईने कसंबसं घर उभं करून त्यांना परत आणलं. मुक्काम काही फार लांबला नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाला तेवढा पुरला. तीस-पस्तीस वर्षांनी हाच मुलगा त्याच मंडळाचा अध्यक्ष झाला.

चौदाव्या वर्षी आईने त्याला पिंपं बांधणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला लावलं. हा कसबाचा धंदा. फळ्या तासायच्या, वाफेवर वाकवायच्या, कड्या ठोकायच्या, आणि थेंबभरही गळता कामा नये. कारागीर म्हणून तो चांगला होता. पण जादा तासांबद्दल आणि हलक्या लाकडाबद्दल तोंड उघडलं तेव्हा चिथावणीखोर असा शिक्का बसला, काम गेलं आणि लंडनभर दुसरं मिळेना. शेवटी कामाच्या शोधात तो लिव्हरपूलपर्यंत चालत गेला.

याच वर्षांत त्याचं वाचन वाढलं. एका शनिवारी जुन्या पुस्तकांत त्याला होमरच्या ‘इलियड’चं भाषांतर दोन पेन्सांना मिळालं. गोदीच्या चिखलातून आपण एकदम दुसऱ्याच जगात गेलो, असं त्याने पुढे सांगितलं आहे. १९०६ साली मजूर पक्षाच्या नव्या खासदारांना तुम्हाला कोणत्या पुस्तकांनी घडवलं असं एका मासिकाने विचारलं, तेव्हाची ही आठवण आहे. वाचनालयांसाठी तो पुढे इतका का भांडला ते इथे कळतं. पॉप्लरला सार्वजनिक वाचनालय पाहिजे म्हणून त्याने लोकांची मनं वळवली. पुस्तकांसाठी घरपट्टी कशाला वाढवायची असं म्हणणारे त्याच्या वस्तीतही कमी नव्हते.

मनं वळवायची त्याची जागा ठरलेली होती, ईस्ट इंडिया गोदीचं फाटक. रविवारी सकाळी काम बंद. माणसं मोकळी, दारूचे गुत्ते अजून उघडायचे असायचे. क्रुक्स एका उंच जागेवर उभा राही आणि बोलू लागे. पट्टी कशी बसते, पैसा कुठे जातो, संघटना कशाला हवी, नदीवर पूल किंवा बोगदा का नाही, असे विषय. लोक त्या सभेला ‘क्रुक्स कॉलेज’ म्हणू लागले. गोष्टी, नकला, वस्तीतल्या बायांचे शेलके जबाब अशी त्याची बोलण्याची तऱ्हा होती. आपल्याकडच्या लोकनाट्यातला सोंगाड्या जसा हसवता हसवता पाटलाचं बिंग फोडतो, तसं काहीसं. हसून झाल्यावर माणूस घरी जायचा तो पट्टीचा हिशेब डोक्यात घेऊन.

१८८९चा गोदी संप हा त्या काळचा मोठा टप्पा. १४ ऑगस्टला सुरू झाला, १६ सप्टेंबरला संपला. सुमारे एक लाख माणसं बाहेर. मागणी तासाला सहा पेन्सांची. ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी मदत पाठवली नसती तर पोटाने हार खाल्ली असती. बेन टिलेट, टॉम मॅन, जॉन बर्न्स ही संपाची मोठी नावं. क्रुक्स स्वतः गोदी कामगार नव्हता. तो दिवसभर पिंपं बांधायचा आणि उरलेला वेळ संपाला द्यायचा. सभा घेत, पैसे गोळा करत त्याने स्वतःची तब्येत बिघडवून घेतली. संप जिंकला. यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथे जास्त थांबत नाही.

संपानंतर जे झालं त्यावर मात्र थांबलं पाहिजे. १८९२ साली पॉप्लरने क्रुक्सला लंडन काउंटी कौन्सिलवर निवडून दिलं. आता प्रश्न असा, की कौन्सिलच्या सभा दिवसा आणि सभासदाला दमडी पगार नाही. वकील, व्यापारी, जमीनदार यांना हे परवडतं. पिंपं बांधणारा दुपारी सभेला गेला तर त्याची चूल कोण पेटवणार? पॉप्लर लेबर लीग या तिथल्या संघटनेने यावर तोड काढली. ‘विल क्रुक्स वेतन निधी’ उभा केला. वस्तीतले लोक आपल्या मजुरीतून त्यात पेन्स टाकायचे आणि त्यातून क्रुक्सला आठवड्याची मजुरी मिळायची, जवळपास कारखान्यात मिळाली असती तेवढी.

माझ्या मते या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. मताचा हक्क मिळाला की प्रतिनिधी आपोआप मिळतो अशी एक समजूत असते. कामगाराला निवडून देणं सोपं आहे. निवडून दिल्यावर त्याने कुणाचं मीठ खायचं, हा खरा प्रश्न. ठेकेदाराने त्याचं घर चालवलं तर तो ठेकेदाराचा होतो, कुठल्या शेठने चालवलं तर शेठचा. पॉप्लरच्या माणसांनी पेन्स-पेन्स जमवून त्याला आपल्यापाशी राखलं. इंग्लंडात खासदारांना वर्षाला ४०० पौंड पगार सुरू झाला तो १९११ साली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०९च्या ऑस्बर्न निकालाने कामगार संघटनांना वर्गणीतून राजकीय खर्च करायलाही मनाई झाली होती. कामगाराच्या प्रतिनिधीचं पोट हा विषय किती वर्मी लागणारा होता हे एवढ्यावरून कळेल. आपल्या महापालिकांमध्ये नगरसेवक सामान्य घरातून येतो आणि पाच वर्षांत त्याचं राहणीमान कसं बदलतं हे आपण सगळे पाहतो. शिव्या देऊन मोकळे होतो. त्याच्या संसाराची सोय आपण सरळ मार्गाने कधी केली होती का, हे विचारत नाही. क्रुक्स कौन्सिलवर होता, पुढे महापौर झाला, खासदार झाला, तरी पॉप्लरच्या त्याच गल्लीबोळातल्या लहान घरात राहिला. हा त्याचा स्वभाव होताच, पण वस्तीने त्याला तसं राहता येईल अशी सोय केली होती हेही तितकंच खरं.

दुसऱ्या वर्षी, १८९३ साली, तो गार्डियन्सच्या मंडळावर निवडून आला. तोपर्यंत मालमत्तेची अट इतकी चढी होती की भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला उभंच राहता येत नसे. ती अट त्या सुमाराला खाली आली आणि १८९४च्या कायद्याने पुरतीच गेली. त्याच वेळी मजूर चळवळीतला त्याचा मित्र जॉर्ज लान्सबरीही मंडळावर आला. हे दोघे वर्कहाउस तपासायला गेले तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं. कोठारात धड अन्न नाही. माणसांना पुरते कपडे नाहीत, कित्येकांच्या पायात बूट नाहीत. जेवण इतकं वाईट की खरकट्याच्या टोपल्याच भरून वाहायच्या. म्हातारी माणसं तक्रार सांगताना रडायची.

लान्सबरीने सांगितलेली एक हकिगत इथे द्यायलाच हवी. रात्रीच्या जेवणात ओटची लापशी वाढली होती. तिच्यात काळं काळं तरंगत होतं. निरखून पाहिलं तर उंदरांच्या लेंड्या. त्याने तिथल्या मुख्य बाईंना बोलावलं. लापशी चांगली, पौष्टिक आहे असं त्यांनी ठासून सांगितलं. लान्सबरीने वाडगा आणि चमचा त्यांच्या हातात दिला, एक घास खा म्हणाला, म्हणजे माझं चुकलं असं मी मान्य करतो. त्यावर बाईंचं उत्तर असं की हे अन्न माझ्यासाठी नाही, ज्यांना लागतं त्यांच्यासाठी ठीक आहे. त्याने आरडाओरडा केला तेव्हा डॉक्टर आणि अधीक्षक धावत आले आणि सगळ्यांना कोको, पाव आणि मार्गारीन मिळालं. सरकारी वसतिगृहं, आश्रमशाळा, शाळेतली खिचडी यांच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाला या बाई अनोळखी वाटणार नाहीत.

पुढच्या दहा-बारा वर्षांत पॉप्लरचं वर्कहाउस बदललं. ठरावीक गणवेश गेला. खाणं माणसाने खावं असं झालं. मुलांना शहराबाहेर चांगल्या शाळेत ठेवायची व्यवस्था झाली. बेकारांसाठी लेन्डन इथे शेतीवसाहत निघाली. तिच्यासाठी जमीन घ्यायला जोसेफ फेल्स या साबणाच्या कारखानदाराने पैसा दिला होता. क्रुक्सला वर्कहाउसच्या कोठारातला पाव कसा असतो ते चवीने ठाऊक होतं. मंडळावरच्या बाकीच्या सभासदांना तो आकडा म्हणून ठाऊक होता.

यावर टीका झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. मदतीवरचा खर्च वाढला, पट्टी वाढली. पण पट्टीचं गणितच उफराटं होतं. गरीब वस्तीत निराधार जास्त आणि घरांची किंमत कमी, म्हणून तिथे पट्टी जबर. श्रीमंतांच्या पश्चिम लंडनमध्ये निराधार थोडे, घरं महागडी, म्हणून पट्टी हलकी. गरिबांनीच गरिबांना पोसायचं अशी ती व्यवस्था होती. क्रुक्स म्हणत राहिला की लंडन एक आहे तर लंडनची गरिबीही सगळ्या लंडनची असली पाहिजे. १९०६ साली सरकारने पॉप्लरच्या मंडळाची जाहीर चौकशी लावली. वर्तमानपत्रांनी उधळपट्टीच्या कहाण्या चवीने छापल्या, अहवालही मंडळाच्या विरोधात गेला. त्या खात्याचा मंत्री तेव्हा कोण होता? जॉन बर्न्स, १८८९च्या संपाचा सेनापती. चळवळीतून वर गेलेला एक माणूस खुर्चीत आणि दुसरा आरोपीच्या जागी. क्रुक्सने स्वतःच्या खिशात काही घातलं असा आरोप मात्र कुणी सिद्ध करू शकलं नाही.

कौन्सिलवरचं त्याचं एक काम आजही पायाखाली आहे. नदीच्या दक्षिण काठावर ग्रिनिच, उत्तरेला गोद्या. दक्षिणेकडच्या मजुराला कामावर जायचं तर होडीचं भाडं भरावं लागे आणि धुकं पडलं की होडी बंद. पहाटेच्या हजेरीला पोहोचला नाही की दिवस बुडाला. कौन्सिलच्या पूल समितीचा अध्यक्ष म्हणून क्रुक्सने पायी चालणाऱ्यांसाठी नदीखालून बोगदा करायचा ध्यास घेतला. ४ ऑगस्ट १९०२ रोजी तो खुला झाला. लांबी सुमारे ३७० मीटर, खोली १५ मीटर, आत बिडाची कडी आणि त्यावर पांढऱ्या चकचकीत फरशा. पैसे न भरता कुणीही, कोणत्याही वेळी जावं. आधी १८९७ साली ब्लॅकवॉलचा मोठा बोगदा झाला होता, त्यासाठीही तो झगडला होता. पुढे १९१२ साली वुलिचलाही असाच पायी बोगदा झाला. ग्रिनिचचा बोगदा अजून वापरात आहे. बांधकामाचा असा तपशील चरित्रात कंटाळवाणा वाटेल म्हणून कुणी गाळला तर मी त्याच्याशी भांडेन. एका मजुराच्या पदरात रोजची अर्धी-पाऊण तासाची आणि भाड्याची बचत टाकणं, हे राजकारणच आहे.

१९०१ साली तो पॉप्लरचा महापौर झाला, लंडनमधला मजुरांचा पहिला महापौर. १९०३च्या मार्चमध्ये वुलिचची पोटनिवडणूक आली. वुलिच म्हणजे सरकारी शस्त्रागाराचं गाव, आणि जागा हुजूर पक्षाच्या हक्काची. आधीच्या वर्षी त्यांचा उमेदवार बिनविरोध आला होता. क्रुक्सला उभं करणारी मजूर प्रतिनिधित्व समिती स्थापन होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. क्रुक्सला ८,६८७ मतं पडली, प्रतिस्पर्ध्याला ५,४५८. या निकालाने देशभर खळबळ उडाली. १९०६च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या समितीचे २९ जण निवडून आले आणि मजूर पक्ष हे नाव रूढ झालं.

पार्लमेंटात तो फार मोठा झाला असं मी म्हणणार नाही. तिथली त्याची भाषणं ऐकायला गर्दी व्हायची, पण त्याचं खरं बळ वस्तीत होतं. दोन गोष्टी सांगण्याजोग्या. १९०५च्या नोव्हेंबरात पूर्व लंडनच्या गरीब बायांचा मोठा मोर्चा पंतप्रधान बाल्फोर यांच्यापर्यंत गेला, आमच्या नवऱ्यांना काम द्या म्हणून. त्या मोर्चामागे क्रुक्स आणि लान्सबरी यांची मेहनत होती. दुसरी गोष्ट म्हाताऱ्यांच्या पेन्शनची. वर्षानुवर्षं तो हे मागत होता. १९०८चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. रक्कम तुटपुंजी होती. पण ती पोस्टात मिळायची, गार्डियन्सच्या दारात नाही, आणि ती घेतल्याने मत जात नसे. गार्डियन्सपुढे उभ्या राहिलेल्या आईच्या मुलाला या फरकाची किंमत कळत होती.

आता जे गैर आहे तेही सांगतो. अपंग आणि मतिमंद माणसांबद्दल क्रुक्सने काढलेले उद्गार वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्यांना त्याने किड्यामुंग्यांच्या पंक्तीला बसवलं. चांगल्या वंशाची पैदास करायची आणि दुबळ्यांना वेगळं काढायचं, हे खूळ त्या काळी डाव्या-उजव्या सगळ्यांच्या डोक्यात शिरलं होतं हे खरं. पण ज्याच्या बापाचा हात यंत्रात गेला त्या माणसाने असं बोलावं याला काळाचं निमित्त पुरत नाही. कष्ट करणारा गरीब आणि काम न करू शकणारा गरीब यांत त्याने मनाशी एक रेघ ओढली होती. ज्या कायद्याशी तो आयुष्यभर लढला, त्या कायद्याची रेघही हीच होती.

१९११ साली आणखी एक घडलं. मजूर पक्षाच्या ज्या चौघा खासदारांनी तीस दिवसांच्या नोटिशीशिवाय संपाला बंदी घालणारं विधेयक आणलं, त्यांत क्रुक्स होता. स्वतःच्याच चळवळीतून त्याला विरोध झाला. मराठी वाचकाला इथे मुंबई आठवेल. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणून संपावर अशीच बंधनं घातली, तेव्हा डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि ७ नोव्हेंबरला संप झाला. आंबेडकरांचं म्हणणं होतं की संपाचा हक्क काढून घेणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं. या मुद्द्यावर मी क्रुक्सच्या बाजूने नाही. समितीत बसून बसून माणसाला वाटाघाटीची इतकी सवय लागते की फाटकाबाहेरच्या माणसाकडे संपाशिवाय दुसरं हत्यार नाही हे तो विसरतो.

महायुद्धात तो सरकारच्या बाजूने उभा राहिला. १८ सप्टेंबर १९१४ रोजी अधिवेशन संपताना भर सभागृहात राष्ट्रगीत सुरू करणारा खासदार क्रुक्सच होता. लान्सबरीने युद्धाला विरोध केला. वर्कहाउसच्या कोठारात बरोबर उतरलेले दोन मित्र इथे वेगळे झाले. १९१०च्या जानेवारीत क्रुक्स वुलिचला हरला होता, त्याच वर्षीच्या डिसेंबरात परत निवडून आला. मग प्रकृती ढासळत गेली. फेब्रुवारी १९२१मध्ये त्याने खासदारकी सोडली आणि ५ जूनला तो वारला.

आपल्याकडचं चित्र याच वर्षांत कसं होतं? मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर असलेले नारायण मेघाजी लोखंडे १८८४ साली परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. १८९० साली त्यांनी मुंबईच्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. क्रुक्स लंडनमध्ये ज्या रविवारी फाटकावर बोलत होता, तो रविवारच आपल्या कामगाराला आधी लढून मिळवावा लागला. महापालिकेत जायचा रस्ता तर त्याला बंदच होता, कारण मत फक्त पट्टी भरणाऱ्यांना. मुंबई महापालिकेची पहिली प्रौढ मतदानाची निवडणूक झाली ती १९४८ साली. चाळीत राहणाऱ्या कामगाराच्या मतावर नगरसेवक निवडून यायला पॉप्लरच्या मानाने अर्धं शतक जास्त लागलं, ते असं.

क्रुक्सचं चरित्र त्याच्या हयातीतच, १९०७ साली, जॉर्ज हॉ या पत्रकाराने लिहिलं. त्याच्या बालपणाचा पुष्कळसा तपशील तिथून येतो आणि म्हणून त्यात क्रुक्सने स्वतः सांगितलेलं बरंच आहे. वाचकाने हे ध्यानात ठेवावं. मित्राने मित्राबद्दल लिहिलेलं ते पुस्तक आहे, १९०७ नंतरचा क्रुक्स त्यात नाही. पुढच्या पानांत तो भाग जोडून घेतला आहे, नावडता असला तरी.

क्रुक्स गेला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पॉप्लरचे तीस नगरसेवक तुरुंगात गेले. लान्सबरी त्यांच्या पुढे होता. गरीब वस्तीची पट्टी लंडनच्या सामायिक खर्चाला द्यायची नाही, आधी श्रीमंत वस्त्यांनी आपला वाटा उचलावा, असं म्हणून त्यांनी पैसे भरायला नकार दिला होता. साध्या कामकरी बाया त्यांत होत्या. सहा आठवड्यांनी सरकारला त्यांना सोडावं लागलं आणि लंडनच्या गरिबीचा खर्च सगळ्या लंडनवर वाटणारा कायदा करावा लागला. जे क्रुक्सला तीस वर्षं सांगून मिळालं नव्हतं, ते असं मिळालं. डॉ. आंबेडकर त्या वेळी लंडनमध्येच शिकत होते. त्या तीस जणांची हकिगत मात्र या पुस्तकात बसत नाही. ती स्वतंत्र लिहायला हवी, आणि ती मराठीत कुणीतरी लवकर लिहावी.